हॅना कुणालाच नको होती

मे महिन्याच्या सुटीत माझी भाची आठ दिवस आमच्याकडे कुडाळला राहायला आली होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, हातात सदैव फोन. आणि आमच्या घरात नेटवर्क धड मिळते ते फक्त पडवीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथे त्या दिवसांत माझी आई फणसाच्या आठळ्या वाळत घालते. रात्रीची जेवणे आटोपली की ती आठळ्यांचे सूप बाजूला सारून त्या कोपऱ्यात बसे आणि बीजीएमआय हा फोनवरचा लढाईचा खेळ खेळे. चौघांच्या संघातले उरलेले तिघे बहुतेक वेळा अनोळखी मुलगे असत. ते एकमेकांशी अखंड बोलत, ओरडत, शिव्या घालत, आणि ही मात्र एक अक्षरही न उच्चारता नकाशावर खुणा करून शत्रू कोठे दडला आहे ते त्यांना दाखवत राही. खेळातले नावही तिने मुलाचे वाटेल असेच घेतले होते.

"बोलत कित्याक नाय गो?" मी एकदा विचारले. तिने मान वर केली नाही. "मिया बोललंय काय ते खेळ सोडून माज्याच मागे लागतत, आते."

मग तिने सांगितले. तिच्या घरी एकदा माइक चुकून चालू राहिला असताना आईने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि हिने सवयीने "इलंय" म्हणून ओ दिली. तेवढा एक शब्द पुरला. एकाने लगेच तिचे इन्स्टाग्राम खाते विचारले, दुसऱ्याने ही खरोखरची मुलगी की मुलीचा आवाज काढणारा मुलगा यावर पैज लावली, आणि डाव हरल्यावर तिसरा जे बोलला ते तिने मलाही पूर्ण सांगितले नाही. त्या डावात संघातर्फे सर्वांत जास्त गडी तिनेच टिपले होते.

मी संगणक शिकवते आणि माझ्या वयाच्या बायकांच्या मानाने पुष्कळ खेळ खेळलेले आहेत, त्यामुळे पालक माझ्याकडे येऊन या विषयावर बोलतात. त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ झालेली असते. खेळात तोकड्या कपड्यांतली बाई दिसली, चुंबन दिसले, की खेळ वाईट. तसे काही नसले की खेळ चांगला, अशी त्यांची सरळ वाटणी असते. लैंगिकता दाखवणे आणि बाईला कमी लेखणे यांचा संबंध मात्र इतका सरळ नाही. ज्यात आक्षेपार्ह असा एकही ठिपका नाही असा खेळ बाईला निव्वळ वस्तू करून ठेवू शकतो, आणि ज्यात शरीराची ओढ उघड आहे असा खेळ तिला पूर्ण माणूस मानू शकतो. हे मला कोणत्याही लेखातून कळलेले नाही. ते मालवणच्या बाजारपेठेतल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात कळायला सुरुवात झाली.

ते दुकान म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक अरुंद खोली होती. दारावर मळकट पडदा, आत दोन यंत्रे, एक पंखा आणि खारट दमट वास. गल्ल्यावर बसलेला मुलगा रुपयाच्या बदल्यात एक डाव लावून देई. पहिल्या यंत्रावर कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1993 सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता, पण त्या नावाने त्याला आमच्याकडे कोणीच ओळखत नसे. पिवळी टोपी घातलेल्या, धावत येऊन लाथ मारणाऱ्या गड्याच्या नावावरून अख्खा खेळच 'मुस्तफा' झाला होता. निवडायला चार गडी होते: जॅक, हॅना, मुस्तफा आणि धिप्पाड मेस. तिघांना एकत्र खेळता येई, आणि मुस्तफा कोणी घ्यायचा यावरून रोज भांडण होई. हॅना कुणालाच नको होती. शेवटी मी दादाबरोबर जात असे म्हणून, आणि त्या खोलीत मी एकटीच मुलगी म्हणून, ती माझ्या वाट्याला येई. हातात आलेली सुरी किंवा बंदूक ती इतरांपेक्षा चांगली चालवते अशी दुकानात समजूत होती, आणि मला त्या समजुतीवर बरेच डाव काढता आले; तरी एखादा नवखा मुलगा चुकून हॅना निवडून बसला की बाकीचे त्याला "बायल्या" म्हणून चिडवत. खेळातल्या हॅनाला स्वतःचे काम होते, ती कुणाची बक्षीस नव्हती, आणि तरीही ती निवडणे ही त्या खोलीत नामुष्की होती.

दुसऱ्या यंत्रावर पुढे 'किंग ऑफ फायटर्स 97' आला. त्यात माई शिरानुई नावाची पंखा फेकणारी बाई होती. बाकीचे गडी उभे असताना नुसते श्वास घेत, हिची छाती मात्र उभ्या जागी हिंदकळत राही, आणि चित्रकाराने ती मुद्दाम तशी हलवली आहे हे आम्हा लहान मुलांनाही कळत असे. तिला निवडायला मुलांची ना नव्हती. काही जण तिला निवडून लढतच नसत. वेळ संपेपर्यंत तिला तशीच उभी ठेवून हसत बसत. म्हणजे दोन यंत्रांवर दोन बायका होत्या. एकीला हात लावायला लाज वाटत होती आणि दुसरी खेळण्यापेक्षा पाहण्यासाठी घेतली जात होती.

पुढे जुने खेळ शोधून खेळू लागले तेव्हा त्या दुकानाची मुळे किती मागे जातात ते दिसले. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये बाई शिडीच्या टोकावर उभी राहून मदतीसाठी हाका मारते. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये राजकन्या शेवटच्या किल्ल्यात वाट पाहत असते. कोणत्याही आईने मुलांना बेलाशक खेळू द्यावेत असे हे खेळ आहेत, आणि त्यांत बाईला करण्यासारखे काही म्हणजे काही नाही. त्याच सुमारास, 1986 मध्ये, निन्टेंडोच्याच 'मेट्रॉइड'ने चिलखताआडचा योद्धा सामुस ही बाई असल्याचे अगदी शेवटी उघड केले. ही खरोखर धीट कल्पना होती. पण खेळ तासाभराच्या आत संपवणाऱ्या खेळाडूसमोर ती बिकिनीत उभी केली होती. म्हणजे अख्खा खेळ ती स्वतः लढली, आणि शेवटी चपळ खेळाडूची बक्षिसी म्हणून तिचेच शरीर वाटले गेले.

'जीटीए व्हाइस सिटी' 2002 साली आला आणि थोड्याच काळात कुडाळच्या सायबर कॅफेतल्या प्रत्येक संगणकात जाऊन बसला. वह्यांच्या मागच्या पानांवर मुले चीट कोड लिहून आणत. 'पॅन्झर' अशी अक्षरे दाबली की समोर रणगाडा उभा राहत असे. त्या खेळात, आणि त्याच्या आधीच्या 2001 सालच्या भागातही, रस्त्यावरच्या वेश्येला गाडीत घेता येते, त्याने नायकाची तब्येत सुधारते, पैसे कमी होतात, आणि ती उतरल्यावर तिला ठार मारून ते पैसे परत घेता येतात. तसे करा असे खेळ कुठेही सांगत नाही. पण नियम मात्र तसे आहेत, आणि मुलांना नियमांतली फट सर्वांत आधी सापडते. या खेळांना अमेरिकेत 17 वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का मिळाला आणि ते दुकानांत राजरोस विकले गेले. मग 2005 मध्ये याच मालिकेतल्या 'सॅन अँड्रियास'च्या आत, नायक आणि त्याची मैत्रीण यांच्यातल्या संभोगाचा एक अर्धवट, लपवून ठेवलेला प्रसंग कोणीतरी उघडून दाखवला. गदारोळ झाला, शिक्का बदलून केवळ प्रौढांसाठीचा झाला, मोठ्या दुकानांनी खेळ फडताळावरून काढून टाकला. मला या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहायची सवय लागली आहे. मैत्रिणीच्या संमतीने झालेल्या शय्येने जो आरडाओरडा झाला, तितका पैशांसाठी मारलेल्या बाईने झाला नाही.

आमच्याकडचे पालकही याच बाजूने ओरडतात. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तेव्हा देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती ही कारणे होती. पण आमच्या वाडीतल्या निदान दोन आयांनी त्या दिवशी ग्रामदेवतेला नारळ ठेवला. खेळ 2021 मध्ये बीजीएमआय या नव्या नावाने परत आला. मुलींना तो खेळताना काय ऐकून घ्यावे लागते, याबद्दल जाताना कोणी बोलले नाही आणि परत येतानाही.

लारा क्रॉफ्टबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. ती नायिका असलेला 1996 सालचा 'टूम्ब रेडर' मी खूप उशिरा खेळले आणि मला ती आवडली, कारण ती कोणाची वाट पाहत नव्हती. उडी चुकली तर माझी चुकत होती. मात्र जाहिरातींनी त्या भटक्या, आढ्यतेखोर संशोधक बाईचे भित्तिचित्रावरचे शरीर करून टाकले. 2013 मध्ये तिला नवे रूप दिले, शरीर माणसासारखे केले, कपडे धड दिले. तो खेळ येण्याआधी त्याच्या एका निर्मात्याने, खेळणाऱ्याला लाराचे रक्षण करावेसे वाटेल अशा अर्थाचे विधान केले होते. मला हे त्या तोकड्या चड्डीपेक्षा जास्त खटकले. मारिओ खेळताना मारिओचे रक्षण करावे असे कुणाला वाटत नाही. खेळणारा मारिओ होतो. बाई दिसली की मात्र खेळणारा पुरुषच असणार, आणि तो तिच्या मागे दोन पावलांवर उभा राहणार, हे निर्मात्याने गृहीत धरलेले असते.

इथे मला आमचा दशावतार आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. जत्रेत रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकात बायकांच्या सगळ्या भूमिका परंपरेने पुरुषच करत आले आहेत. ज्याला आम्ही स्त्रीपार्टी म्हणतो तो नट संध्याकाळी देवळाच्या कडेला ट्रंकेवर आरसा टेकवून स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, नऊवारी नेसतो, आणि संहिता लिहिलेली नसल्यामुळे समोरच्या राजाला किंवा राक्षसाला जे उत्तर द्यायचे ते बाई म्हणून जागच्या जागी सुचावे लागते. तिथेही चावटपणा असतो, पुरुषी विनोद भरपूर असतात. मी त्याला देव्हाऱ्यात बसवत नाही. तरी त्या नटाला रात्रभर बाईच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. माझ्या वर्गातली मुले बीजीएमआयमध्ये सर्रास बाईचे रूप घेतात, तिला कपडे विकत घेतात, आणि कारण विचारले तर एक जण निरागसपणे म्हणाला होता, "मॅडम, अख्खा वेळ मागूनच बघायचे असते ना, मग मुलगी बरी." तो मुलगा वाईट नाही. कॅमेरा कुठे ठेवला आहे ते त्याने बरोबर ओळखले होते.

लैंगिकता नीट मांडता येते याचा दाखला मला 2014 साली आलेल्या 'लेफ्ट बिहाइंड'मध्ये मिळाला. 'द लास्ट ऑफ अस' या खेळाचाच तो छोटा भाग आहे. एली आणि रायली या दोन मुली ओसाड मॉलमध्ये भटकतात, एकमेकींची चेष्टा करतात, नाचतात, आणि एली रायलीचे चुंबन घेते. त्या क्षणी कॅमेरा कुणाचेही अंग न्याहाळत नाही. एलीच्या जागी मी घाबरले होते. मूळ खेळाच्या 2020 सालच्या दुसऱ्या भागात अ‍ॅबी नावाची पीळदार दंडांची बाई आली आणि बाईचे शरीर असे असूच शकत नाही म्हणून जगभरचे पुरुष खवळले, तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते शरीर एका खऱ्या महिला खेळाडूच्या शरीरावरून घेतलेले होते. पण त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आमच्याकडे घराचे काम निघाले की चिरे डोक्यावर घेऊन फळीवरून चढणाऱ्या बायांचे दंड कोणीही पाहावेत.

आणि या सगळ्यावर बाईने बोट ठेवले की काय होते, तेही घडून गेले आहे. अनिता सार्कीसियन या समीक्षक बाईंनी 2012 मध्ये खेळांतल्या स्त्रीचित्रणावर चित्रफिती करण्यासाठी लोकांकडे 6,000 डॉलर मागितले; त्यांच्यावर गलिच्छ हल्ले सुरू झाले आणि त्याच वेळी दीड लाखावर डॉलर जमा झाले. 2014 च्या गेमरगेट प्रकरणात, म्हणजे खेळांच्या जगातल्या बायकांना इंटरनेटवरून झुंडीने छळण्याच्या मोहिमेत, त्यांना आणि खेळ बनवणाऱ्या ब्रिआना वू यांना धमक्यांपायी घर सोडावे लागले. युटामधल्या विद्यापीठात गोळीबाराची धमकी आली, सभागृहात बंदुका आणण्यास मनाई करता येत नाही असे कळले, आणि सार्कीसियन यांनी व्याख्यान रद्द केले. खेळ जिथे बनतात तिथली हवा वेगळी नव्हती: रायट गेम्स या कंपनीने स्त्री कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या दाव्यात 2021 च्या डिसेंबरमध्ये 10 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. माझ्या भाचीला यातले काहीच माहीत नव्हते. तिला माइक बंद ठेवणे तेवढे माहीत होते.

मी तिला माझ्या लॅपटॉपवर पुण्यात बनलेला 2020 सालचा 'राजी' लावून दिला, ज्यात सर्कशीत कसरती करणारी मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. तिला चित्रे आवडली, लढाई जरा सावकाश वाटली, आणि दोन संध्याकाळींनंतर ती परत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. मला थोडे वाईट वाटले, पण खेळ हा औषधाचा काढा नव्हे.

ती जायच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास पडवीतून आरडाओरडा ऐकू आला. देवगडच्या तिच्या दोन मैत्रिणी जोडल्या गेल्या होत्या आणि तिघी माइक चालू ठेवून शुद्ध मालवणीत एकमेकींवर खेकसत होत्या. माझी आई उठून दाराशी आली आणि विचारू लागली, "कोण गो भांडतासा इतक्या रात्री?" मी तिला परत झोपायला पाठवले आणि भाचीच्या खांद्यावरून पाहिले. चौथा गडी अनोळखी होता. तिघींचे आवाज ऐकून त्याने आधी काहीतरी विचारले, कुणी उत्तर दिले नाही, आणि खेळाच्या सुरुवातीला विमानातून उडी मारायच्या आतच तो निघून गेला. तिघींनी तिघींतच डाव सुरू केला.