काकांना ऐकू येणारा अर्धाच नंबर

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या ऑफिसात इंटरनेटवर चालणारे फोन बसवले, तेव्हा टेबलावरच्या, केबलने जोडलेल्या फोनची एकही तक्रार नव्हती. बोंब होती ती गोदामातून. तिथे स्टोअर सांभाळणारे काका वाय-फायवर चालणारा हँडसेट खिशात घालून रॅकांमधून फिरतात. आमचा धंदा बेअरिंगचा, त्यामुळे फोनवर सगळी नंबरांचीच भाषा. ६२०५ मधला शेवटचा आकडा गिळला गेला की काका अंदाजाने ६२०४ काढून ठेवणार आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करणार.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच: इंटरनेटचा प्लॅन वाढवा. मालकांनी वाढवला. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता. जी.७११ या कोडेकवर, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीत, एका कॉलला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) लागतात, प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता वगैरे, म्हणजे हेडरं, धरून नव्वदच्या आसपास. म्हणजे एक एमबीपीएसचा दहावा हिस्सासुद्धा नाही. पण सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, जातात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचं बोलणं असतं, आणि ती वेळेवर पोचावी लागतात. फाइल उतरवताना हरवलेला तुकडा परत मागवता येतो. बोलण्यात उशिरा आलेलं पॅकेट फोन सरळ फेकून देतो.

मी लॅपटॉप घेऊन रॅकांच्या मधे उभा राहिलो आणि बाहेरच्या कुठल्या साइटला नाही, आमच्याच राऊटरला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सतत विचारणा, लावून ठेवलं. ऑफिसात दोन-तीन मिलिसेकंद येणारं उत्तर इथे मधूनच दोनशेच्या वर जाई, कधी येतच नसे. म्हणजे दुखणं घरातलंच. इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनवर संगीत ऐकत बसण्यातून सुटलो.

काकांचा आवाज आम्हाला स्वच्छ यायचा, तुटायचं ते त्यांच्या बाजूला. हँडसेट आपल्याला काय काय पोचलं याचा हिशोब आरटीसीपी नावाच्या संदेशांनी परत पाठवतो, तो पीबीएक्सच्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या आमच्या एक्सचेंजच्या, नोंदीत होता. जाणारी बाजू ठीक, येणाऱ्या बाजूला गळती आणि जिटर (पॅकेट कमी-जास्त अंतराने येणं) दोन्ही. मग वाय-फाय सोडणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टवर वायरशार्क, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्राम, लावला. पीबीएक्स आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही ‘आधी सोडा’ अशी खूण घालतो, त्यावरून अ‍ॅक्सेस पॉइंट त्यांना डब्ल्यूएमएमच्या, म्हणजे वाय-फायवर कुणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या पद्धतीच्या, व्हॉइस रांगेत पुढे घेतो. इथे खूण शून्य! केबली एकमेकींना जोडणारा मधला स्विच ती पुसत होता. द्वारका सर्कलला अँब्युलन्सचा सायरन काढून घेऊन तिला रिक्षांच्या मागे उभं करावं, तसं. स्विचवर खुणेवर विश्वास ठेवायची सेटिंग चालू केली.

बरंच सुधारलं, पण दुपारच्या गर्दीत पुन्हा तेच. कारण हवा सगळ्यांची एकच, एका वेळी एकानेच बोलायचं. गेटवरचे कॅमेरे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, लांबून, रडतखडत कमी वेगाने व्हिडिओ पाठवत होते, आणि वेग कमी म्हणजे हवा जास्त वेळ अडवणार. त्यात शेजारच्या युनिटांचे राऊटर चॅनेल ३, ८, मिळेल तिथे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच. शेजाऱ्यांना हे कोण समजावणार? कॅमेऱ्यांना केबल ओढली आणि हँडसेट ५ गिगाहर्ट्झवर नेले.

५ गिगाहर्ट्झला लोखंडी रॅक आणि बेअरिंगच्या पेट्या जास्त जाचतात, म्हणून गोदामात आणखी एक अ‍ॅक्सेस पॉइंट लावला. आवाजासाठी सिग्नल -६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्यापासून जितकं खाली तितका कमजोर) खाली जाऊ नये, म्हणून मोबाईलवर आकडा बघत गल्लीन् गल्ली फिरलो. चालता चालता कॉल एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर मुका होई, त्यावर ८०२.११आर, म्हणजे पॉइंट चटकन बदलायची सोय, चालू केलं, तर जुना बारकोड स्कॅनर नेटवर्कला जोडायलाच तयार होईना. शेवटी फोनसाठी वाय-फायचं वेगळं नाव काढलं, स्कॅनर जुन्या नावावरच राहिला.

आता काका पूर्ण नंबर ऐकतात आणि वर, "परत सांगू का साहेब?" असं आम्हालाच विचारतात. शटरबाहेर ट्रक भरायच्या जागी सिग्नल अजून -७५ वर घसरतो. तिथे ते स्वतःचा मोबाईल काढतात, आणि त्या कोपऱ्यासाठी आणखी एक पॉइंट लावायच्या भानगडीत मी पडलेलो नाही.