जानेवारीच्या नळीतला पाइन

उणे ८ अंशांनाही पाइनच्या सुया मोनोटर्पीन, म्हणजे पाइनला वास देणारी उडून जाणारी संयुगं, सोडतात, पण अगदी थोडं. राळेच्या साठ्यातून होणारं हे उत्सर्जन तापमानाबरोबर घातांकाने वाढतं. नेहमी धरला जाणारा गुणांक अंशामागे ०.०९. त्या हिशेबाने १५ अंशांच्या मानाने उणे ८ ला ते साधारण आठपट कमी. म्हणून फिनलंडमधल्या ह्युतियालाच्या जंगलातून बडोद्याला आमच्याकडे आलेल्या जानेवारीच्या एका हवेच्या नमुन्याच्या नळीत अल्फा-पायनीन आणि डेल्टा-३-कॅरीन या दोन मोनोटर्पीनांची शिखरं विश्लेषणाच्या आलेखात भर उन्हाळ्यासारखी उंच दिसली, तेव्हा बाकीची कामं बाजूला ठेवली.

"सर, ही बाद करू का?" सहकाऱ्याने विचारलं. बाद करायला कारण लागतं.

आधी नळीच बघितली. पाव इंची, स्टीलची, आत टेनॅक्स टीए, म्हणजे हवेतली वाफ धरून ठेवणारा पदार्थ. मिनिटाला १०० मिलिलिटरने तासभर, म्हणजे ६ लिटर हवा ओढलेली. बडोद्यात पहिला संशय टोपणावर घ्यावा. इथल्या हवेत टोल्युइन (पेट्रोलमध्ये असणारं एक संयुग) असतंच, आणि पितळी टोपण जरा सैल राहिलं की ते आत शिरतं. पण टोल्युइन शेजारच्या नळ्यांइतकंच होतं, सोबत प्रवास केलेली, हवा न ओढलेली कोरी नळी स्वच्छ होती, आणि पहिलीतून निसटलेलं पकडायला मागे जोडलेल्या दुसऱ्या नळीतही काही उतरलेलं नव्हतं.

ओझोन? ओझोन ही संयुगं खातो, म्हणून त्याला अडवायला नळीपुढे मँगनीज डायऑक्साइड लावलेली तांब्याची जाळी असते; ती निकामी झाली तर आकडा घटतो, वाढत नाही. ३० पीपीबी (अब्जात ३० भाग) ओझोनमध्ये बीटा-कॅरिओफिलीन हे झाडांतलंच दुसरं संयुग दोनेक मिनिटांत निम्म्याहून जास्त संपतं, अल्फा-पायनीन मात्र तासन्‌तास टिकतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हवेच्या थरावर. हिवाळ्यात जमिनीलगतचा थर उथळ असतो, त्यामुळे थोडं उत्सर्जनही साचून मोठं दिसतं, आणि हे स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं. पण साचलेली वाफ हळूहळू चढते. पीटीआर-एमएस या हवेतली संयुगं वस्तुमानावरून सतत मोजणाऱ्या यंत्राच्या नोंदीत १३७ वस्तुमानाची, म्हणजे मोनोटर्पीनची, रेघ काही मिनिटांत उसळली होती आणि दोन तासांनी तशीच कोसळली होती. हे यंत्र पायनीन-कॅरीन वेगळे ओळखत नाही, सगळं मोनोटर्पीन एकत्रच मोजतं. पण वेळ नेमकी सांगतं, आणि तासाभराच्या नळीला ते जमत नाही.

मग त्याच दोन तासांचा वारा काढला. आग्नेयेचा. त्या दिशेला काही किलोमीटरवर कोर्केआकोस्की इथे सॉ मिल आहे. ताज्या चिरलेल्या पाइनमधून हीच संयुगं उडतात, आणि करवत थंडीसाठी थांबत नाही. पायनीन-कॅरीनच्या प्रमाणावरून फरक करता आला नसता, कारण स्कॉट्स पाइनची काही झाडं मुळातच कॅरीनवाली, काही पायनीनवाली असतात.

नळी बाद केली नाही. मोजमाप बरोबर होतं, फक्त ते त्या झाडांचं नव्हतं. मूळ तक्त्यात आकडा तसाच ठेवून 'आग्नेय वारा' अशी खूण केली. हवेतल्या रसायनांच्या हिशेबात तो राहतो; उत्सर्जन-तापमानाच्या आलेखातून मात्र काढला. तिथे राहिला असता तर रेघेचा उतार कमी आला असता आणि हिवाळ्यातलं जंगल आहे त्यापेक्षा उदार ठरलं असतं. हिवाळ्याची सरासरीही आता मी देत नाही, मध्यक देतो. थोड्या नळ्यांत अशी एक आली तरी सरासरी ओढली जाते.