शंभराला दोनचा चढ

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं ओकानागन खोरं वाइनसाठी नावाजलेलं आहे. मला तिथे ओढून नेलं ते मात्र एका बंद पडलेल्या रेल्वेनं. केटल व्हॅली रेल्वे १९१५ साली सुरू झाली. डोंगर खडे, आणि वाफेच्या इंजिनाला सोसणारा चढ शंभर मीटरला जेमतेम दोन मीटर. म्हणून मुख्य अभियंता अँड्र्यू मॅक्युलकनं रूळ डोंगराच्या कडेकडेनं, वळसे घालत नेले. पुढे गाड्या थांबल्या, रूळ उखडले गेले, मागे राहिली खडीची रुंद वाट. इंजिनाला जो चढ झेपायचा तोच पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांनाही झेपतो. ‘साहस’ म्हटलं की मी दोन पावलं मागे सरते. हे साहस माझ्या मापाचं होतं.

माझा भाचा व्हँकुव्हरला असतो. ऑगस्टअखेरीला त्याच्याच गाडीतून आम्ही तिघं निघालो. रस्ता साडेचार-पाच तासांचा. सुरुवातीला ओली, गर्द झाडी. मग डोंगर ओलांडले की हिरवा रंग विरत जातो आणि पिवळं गवत, विरळ पाइन आणि उघडे खडक सुरू होतात. समुद्राकडून येणारे ढग पलीकडेच रिते होतात, त्यामुळे हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. केरेमिओसला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळांच्या टपऱ्या लागल्या. तिथे घेतलेले पीच गाडीतच खाल्ले, आणि कोपरापर्यंत रस ओघळला.

आमचा मुक्काम पेंटिक्टनला होता. या गावाच्या उत्तरेला ओकानागन सरोवर आणि दक्षिणेला स्काहा सरोवर. ओकानागन सरोवर सुमारे १३५ किलोमीटर लांब आहे, पण रुंदी मात्र चार-पाच किलोमीटरच. हिमनदीनं खरवडलेल्या दरीत साचलेलं हे पाणी कुठे कुठे दोनशे मीटरपेक्षा खोल आहे. किनाऱ्यालगत मातकट पांढरे कडे दिसतात, ते हिमयुगाच्या शेवटी इथे असलेल्या याहून मोठ्या तळ्याचा गाळ. त्याच गाळाच्या सपाट पायऱ्यांवर आज द्राक्षांचे मळे आहेत. गावाच्या ईशान्येकडच्या अशा पट्ट्याला ‘नारामाटा बेंच’ म्हणतात.

रेल्वेची वाट या बेंचच्या डोक्यावरून जाते. नवऱ्यानं इलेक्ट्रिक सायकल घेतली. मी आणि भाचा नारामाटाच्या वरपर्यंत गाडीनं गेलो आणि तिथून पायी निघालो. वाट चढते आहे हे पायांना कळतच नाही. मागे वळून सरोवर किती खाली गेलंय ते पाहिलं की डोळ्यांना कळतं. उन्हानं तापलेल्या पाँडेरोसा पाइनच्या सालीला थेट व्हॅनिलासारखा वास येतो. मी एका झाडाला नाक लावून उभी होते. “मावशी, लोक बघतायत,” भाचा पुटपुटला. बघेनात का!

पुढे ‘लिटल टनेल’ लागतो. बोगदा म्हणायचा तर अगदीच तोकडा, एका सुळक्यातून आरपार काढलेला. त्याच्या तोंडाशी आलं की खाली अख्खं सरोवर पसरलेलं, पलीकडच्या तीरावर समरलँडच्या बागा, आणि आपल्या पायाखाली रेघा ओढल्यासारखे मळे. नवरा आधीच येऊन बसला होता आणि जणू स्वतः दमून आल्यासारखं आम्हाला पाणी देत होता. इथून आणखी वर गेलं तर रेल्वेच्या मजुरांनी पाव भाजायला रचलेल्या दगडी भट्ट्या आहेत. भाच्याला तिथवर जायचं होतं. मला नको होतं, आणि ‘नको’ म्हणायला काहीच वाटलं नाही, हे त्या वाटेचं मोठेपण.

याच रेल्वेचा सर्वांत देखणा तुकडा केलोना शहराच्या वर, मायरा कॅन्यनमध्ये आहे. सुमारे बारा किलोमीटरमध्ये अठरा पूल आणि दोन बोगदे. २००३च्या वणव्यात यातले बारा लाकडी पूल जळाले. ते पुन्हा बांधून २००८ मध्ये वाट खुली झाली. आता पुलांवर फळ्या आणि कठडे आहेत, वाट जवळपास सपाट आहे, आणि तरीही मधोमध उभं राहून खाली पाहिलं की पोटात खड्डा पडतो. जळालेल्या झाडांचे राखाडी बुंधे अजून उताराभर उभे आहेत, त्यांच्या पायथ्याशी नवी झाडं वर येताहेत.

पण सगळ्यात जास्त मजा कशात आली विचाराल तर काहीच न करण्यात. दोन सरोवरांना जोडणारा सात किलोमीटरचा सरळ कालवा आहे. पूर आवरण्यासाठी १९५०च्या दशकात नदीच सरळ केली, तीच ही. हवा भरलेली ट्यूब भाड्यानं घ्यायची, त्यात बसायचं आणि प्रवाह नेईल तसं स्काहाकडे वाहत जायचं. दोन-तीन तास लागतात, परत आणायला बस असते. तीन ट्यूब दोरीनं एकत्र बांधल्या. नवरा पाच मिनिटांत घोरायला लागला. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली मात्र हवीच.

कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, सकाळीच घ्यावी, दुपारनंतर वारा उठला की लाटा उगाच अंगावर येतात. ओकानागन सरोवरात ‘ओगोपोगो’ नावाचा नागासारखा प्राणी राहतो, असं पर्यटकांना सांगतात. इथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे सील्ख लोकांसाठी, तो सरोवराचा पवित्र आत्मा आहे. त्या नावाचे हक्क वर्षानुवर्षं व्हर्नन शहराकडे होते. २०२२ मध्ये ते एका डॉलरला सील्ख लोकांच्या हवाली झाले. वल्हं मारताना भाच्यानं ही हकिगत सांगितली, तेव्हापासून दुकानातली ओगोपोगोची हिरवी खेळणी मला जरा अवघडवाणी वाटू लागली.

आता वाइन. द्राक्षबागा पाहिलेल्या मराठी माणसाला इथे पहिलं जाणवतं ते मांडव नसणं. वेल तारांवर उभे, कमरेपासून डोक्याएवढे, घड खाली एका रांगेत. आमच्याकडे खरड छाटणी आणि गोडी छाटणी असा वर्षात दोनदा वेलाला हात लागतो; इथे थंडीत वेल झोपतो, मुख्य छाटणी एकच. आम्ही गेलो तेव्हा काळ्या जातींचे मणी नुकते रंग धरू लागले होते. खोल सरोवर क्वचितच पूर्ण गोठतं आणि हिवाळ्यात काठाला थोडी ऊब देतं, त्यावरच हे सगळं टिकलंय. पण जानेवारी २०२४ मध्ये पारा उणे पंचविसाच्या आसपास उतरला आणि वेलांचे डोळेच, म्हणजे फुटायच्या कळ्याच, मेल्या. त्या वर्षीचं पीक जवळजवळ गेलं. सरकारनं बाहेरची द्राक्षं वापरायला परवानगी दिली, म्हणून २०२४च्या काही बाटल्यांमधली द्राक्षं अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली आहेत. विचारलं तर वाइनरीवाले मोकळेपणानं सांगतात. बागांमध्ये जुन्या वेलांच्या मधेमधे कोवळी रोपं दिसतात, ती याच हिवाळ्याची खूण.

माझं स्पष्ट मत: दिवसात तीनपेक्षा जास्त वाइनरी करू नयेत. चौथीत सगळ्याच वाइन छान लागतात. चाखणीचे पैसे पडतात, बाटली घेतली तर बरेचदा माफ होतात. घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात काही वावगं नाही. गाडी चालवणाऱ्यानं तर वापरावंच: या प्रांतात रक्तातली दारू ०.०५ टक्क्यांवर गेली की पोलिस जागेवर परवाना काढून घेतात. आमचा भाचा फक्त सफरचंदाचा रस प्यायला. मला रीसलिंग ही पांढरी वाइन आवडली, धारदार आंबट. नवऱ्याला मर्लो ही लाल वाइन.

जुलै-ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येऊ शकतो, तेव्हा निघण्याआधी हवेचा अंदाज बघावा. सप्टेंबरात तोडणी असते आणि ऊनही मवाळ होतं, पण ट्यूबवाले हंगाम आवरतात. सरोवर की द्राक्षं, हे आधीच ठरवून तारखा धरा.

शिवाय बाटल्यांचा हिशेब. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, वर ५०० मिलिलिटर उरतात. आइसवाइन, म्हणजे वेलावरच उणे आठ किंवा त्याखाली गोठलेल्या द्राक्षांची गोड वाइन, बहुधा ३७५ मिलिलिटरच्या बारक्या बाटलीत मिळते. ती बरोब्बर बसते.