मग घरी कधी गेला?

बुधवार, रात्री उशिरा

माझ्या पुस्तकाची वही आज परत आली. ताईच्या धाकटीने ती जेवतानाही सोडलेली दिसत नाही, चौथ्या, शेवटच्या प्रकरणावर तुपाचं बोट उमटलंय. बरं वाटलं. मग त्या प्रकरणाच्या शेवटाशी आले. माझं वाक्य होतं, “आणि त्या सकाळी तो स्वतंत्र झाला.” त्याच्याखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, “मग घरी कधी गेला?” इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात.

बाकी अख्ख्या वहीत एक खूण नाही.

आधी मला रागच आला. दोन वर्षं मी या गुलाम मुलाच्या, जेकबच्या, मागे आहे. रविवार त्यात गेले, चष्म्याचा नंबर वाढला, ताईकडचं केळवण चुकलं आणि त्यावरून जे झालं ते झालं. संपादक म्हणाले, कुमारांसाठी आहे, शेवट सुटकेचा ठेवा. ठेवला. गलबताच्या तळातला अंधार मी तीन वेळा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. लेकरं एकमेकांच्या पायांवर पाय टाकून बसलीत, वर लाकडावर पावलं वाजतायत आणि पाण्याचं भांडं कुणाकडे आहे ते अंधारात कळत नाही. त्याबद्दल तिने एक शब्द लिहू नये? दुपारी डबा उघडला तर भाजी तशीच राहिली. मला कुणी वाचतच नाही, असं काहीबाही मनात येत राहिलं.

पण तिने बोट नेमकं तिथेच ठेवलंय जिथून मी दोन वर्षं नजर चुकवून जाते आहे.

जेकब घरी गेलाच नाही.

पूर्व आफ्रिकेतल्या याओ लोकांतला मुलगा. न्यासा सरोवराकडचा. लहानपणीच धरला, विकला, समुद्रावर आणला. इंग्रजांच्या आरमाराने ते गलबत अडवलं आणि मुलं वर काढली. इथे माझं प्रकरण संपतं. पुढे काय होत असे ते मला पाठ आहे, तरी मी ते लिहिलं नाही. त्या किनाऱ्यावर परत सोडणं म्हणजे पुन्हा धरणाऱ्यांच्याच हाती देणं. तिथल्या झांजिबार बेटावरचा माणसांचा बाजार १८७३पर्यंत उघडपणे चालू होता. म्हणून अशी कितीतरी मुलं मुंबईत उतरवत. त्यांतली काही मिशनकडे येत आणि मग आमच्या नाशकात, शरणपूरला. तिथे बाप्तिस्मा, नवं नाव, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम. जेकब वेनराइट हे नाव त्याच्या आईने कधी उच्चारलंही नसेल.

शरणपूर रोडवरून माझी रोजची ये-जा. संध्याकाळी तिबेटियन मार्केटपाशी रिक्षासाठी थांबले होते. थंडी अजून आली नाही, पण स्वेटर टांगलेत. एक आजी हातातल्या काठीने वरचं लाल कार्डिगन खाली काढत होत्या, पुन्हा वर लावत होत्या. ही माणसंही घर सोडून आलेली, हे मला आजच जाणवलं, याची लाज वाटली. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. रिक्षा आली.

घरी येईपर्यंत मग तो एकच शब्द. शरण. मिशनऱ्यांनी गावाला नाव ठेवलं ते आसरा देणारं गाव म्हणून. पण आपल्या भाषेत हा शब्द फार मोठा आहे आणि फार अवघड आहे. लढाईत हरला तो शरण आला. विठ्ठलाच्या पायाशी गेला तोही शरण गेला. दोघांनीही आपलं असं काही हातात ठेवलेलं नाही. आठ-दहा वर्षांच्या पोराला जहाजावरून उतरवून शरणपूरला आणलं, तेव्हा यांतलं कोणतं शरण त्याच्या वाट्याला आलं असेल? खायला मिळालं, चाबूक गेला, साखळी गेली. अक्षरं मिळाली. ते मी छोटं करणार नाही, ती गलबतं अडवली नसती तर पुढचं सगळं भयंकरच होतं. तरी “स्वतंत्र झाला” असं लिहून मी पान उलटलं, ते चुकलं.

आणि हे सगळं मला कुणी शाळेत सांगितलं नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे आम्हाला पाठ होतं, परीक्षेत यायचं. त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात सोडवून आणलेली मुलं रंधा मारत होती, पाढे म्हणत होती, हे कुणी म्हणालं नाही. ताई म्हणते, आफ्रिकेतलं कशाला लिहितेस, आपल्याकडचं काहीतरी लिही. अगं, हे आपल्याकडचंच आहे.

१८७३वर आले की मी थांबते, कारण तिथे मला रडू येतं. आजही आलं.

जेकब तोवर मोठा झाला होता, नाशकातल्या काही मुलांबरोबर आफ्रिका धुंडाळणाऱ्या स्कॉटिश मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टनच्या तांड्यात सामील झाला होता. त्या १ मेला चितांबो या मुखियाच्या गावात साहेब वारले. म्हणजे जेकब आफ्रिकेत परत पोचला होता, आणि तरी घरी नव्हता. सुसी, चुमा या साहेबांच्या जुन्या सोबत्यांनी आणि बाकीच्यांनी ठरवलं की साहेबांना त्यांच्या देशी पोचवायचं. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. देहाला मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीत घातला, वर शिडाचं कापड शिवलं आणि एका दांड्याला बांधून खांद्यावर घेतला. पुरताना प्रार्थना जेकबने वाचली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख त्यानेच कोरली. नाशकात पाटीवर गिरवलेली अक्षरं ती. पुढे खोडाचा तो तुकडाही कापून लंडनला नेला.

किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचायला १८७४चा फेब्रुवारी उजाडला. ताप, उपास, वाटेत लढाई. तिथून जेकब देहाबरोबर जहाजावर चढला आणि १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तोही होता.

त्याने त्या प्रवासाची रोजनिशी लिहिली होती. ती आजही जपलेली आहे. मी इथे माझी लिहिते आहे, पंख्याखाली, चहा जवळ घेऊन, आणि तो ताप अंगात असतानाही बसून लिहीत असेल का, हे मनातून जात नाही. दुसऱ्याला घरी पोचवण्याची रोजनिशी.

त्याला कोण पोचवणार होतं?

पुढे इंग्रजांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवलं, आपल्या मुंबईचे एके काळचे गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावाने, आणि शरणपूरची बरीच माणसं तिकडे नेली. ते आफ्रिकेत होतं. पण न्यासाकाठच्या मुलाला मोंबासा म्हणजे घर, असं म्हणायचं तर कोकणातल्या पोराला नागपुरात उतरवून “घे, आलं तुझं गाव” म्हणण्यासारखं आहे.

धाकटीचं ते वाक्य मला एवढं का लागलं, तेही थोडं कळतंय. अण्णांच्या घराची किल्ली अजून माझ्या कपाटात आहे, आणि. नको. जेकबच्या शेजारी ते मांडवत नाही.

संपादकांना काय सांगायचं ते उद्या बघू. सुटकेचा शेवट हवा असेल तर सुटका आहेच त्यात. फक्त ती शेवटी येणार नाही. गलबतावरून वर काढणं हे आता पहिलं प्रकरण होईल. अंधार मग मला आणखी एकदा लिहावा लागेल. लिहीन. रविवार आहेतच. रागही आता उरला नाही. तिने वही चाळून नुसतं “छान आहे मावशी” म्हटलं असतं तर मी खूश होऊन ते पुस्तक तसंच छापायला दिलं असतं, आणि जेकब पुन्हा एकदा जहाजाच्या डेकवरच उभा राहिला असता.

झोपायच्या आधी धाकटीचा फोन आला. उद्या परीक्षा असून जागी होती.

“मावशी, माझं पेन्सिलीचं खोडलंस?”

“नाही. माझं खोडलं.”

“कोणतं?”

“स्वतंत्र झाला ते.”

थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, “मग त्याच्या आईचं काय लिहिणार?”

आई मी लिहिलीच नव्हती. पूर्ण वहीत कुठेच नाही. मी पेन्सिल शोधायला उठले, तोवर मागून ताईचा आवाज आला आणि तिने घाईघाईने फोन ठेवला.