व्हाइट करंट जगलं नाही, करवंद मात्र जमलं : माझा अनुभव

2019 ला लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला गेली होती, तीन महिने. तिच्या घरामागे पांढऱ्या करंटचं (घोसाने येणाऱ्या बारीक आंबट फळाचं) झुडूप होतं, तिकडे योहानिसबेरे म्हणतात कारण 24 जूनला संत योहानचा सण असतो त्याच्या आसपास ते पिकायला लागतं. लाल करंटचाच बिनरंगाचा प्रकार, आंबटपणा जरा कमी. घोस उजेडात धरला की दाण्याच्या आतली बी दिसते, इतकं सुंदर! शेजारच्या आजींनी नुसता रस आन साखर उकळून जेली केली, वरून काहीच घातलं नाही तरी घट्ट झाली, कारण या फळात पेक्टिनच (जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ) भरपूर.

मग काय, घरी (आर्वी तालुका, वर्धा जिल्हा) आल्यावर ऑनलाइन दोन रोपं मागवली. विकणाऱ्याने लिहिलं होतं कुठल्याही हवामानात येते. हे साफ खोटं आहे आणि मला त्याचा अजून राग येतो, कारण या झाडाला हिवाळ्यात साधारण 800 ते 1500 तास 7 अंशाखालची थंडी लागते, तेव्हा कुठे डोळे नीट फुटतात. आपल्याकडे पहाटे 10-12 पर्यंत उतरलं तरी दुपारी परत 28. ग्रीन नेट लावली, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, पण मे महिन्यात 45 अंशात दोन्ही रोपं वाळली. ज्यांची पोरं थंड देशात राहतात त्यांनी मात्र जरूर लावा, फक्त छाटताना 2-3 वर्षांच्या फांद्या ठेवा, फळ त्यावरच धरते.

सासूबाई म्हणाल्या, "काहून त्या परदेशी झाडाच्या मांगं लागली वं, आपले करवंदं काय वाईट हायेत?"

आणि खरंच, करवंदातही तोच आंबटपणा, तेच पेक्टिन. पांढऱ्यावर गुलाबी झाक असलेली करवंदं आठवडी बाजारातून आणली, बिया वाळवून डब्यात ठेवल्या आणि तीन-चार महिन्यांनी लावल्या तर एकही उगवली नाही. ही बी टिकत नाही, फळातून काढली की दोन-तीन दिवसांत मातीत गेली पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात तसं केलं, पिशव्यांत सत्तरेक रोपं झाली, त्यांना वर्षभर सांभाळून 2022 च्या पावसाळ्यात धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तीन-तीन फुटांवर लावली. पहिली दोन वर्षं बकऱ्यांपासून जपावं लागते, मग काटे असे होतात की रानडुक्कर तिकडून घुसत नाही. रोही (नीलगाय) उडी मारतोच, त्याला हे कुंपण पुरत नाही, हे सांगून ठेवते.

गेल्या वर्षी पहिल्यांदा बऱ्यापैकी फळ आलं. तोडताना चीक लागते म्हणून हाताला तेल लावायचं. जेलीसाठी अर्धीकच्ची जास्त आणि पिकलेली थोडी घ्यायची, पूर्ण पिकलं की पेक्टिन कमी होते. फळं दोन-तीन पाण्यात धुवून, चिरून, बुडतील इतक्याच पाण्यात मऊ होईपर्यंत उकळली आणि जुन्या धोतराच्या फडक्यात रात्रभर टांगून ठेवली. फडकं पिळायचं नाही! मी पहिल्या खेपेला पिळलं आणि जेली गढूळ झाली. सकाळी चमचाभर रसात चमचाभर स्पिरिट टाकून पाहिलं, मिनिटभरात एकसंध गोळा झाला म्हणजे पेक्टिन चांगलं (हे चाखायचं नाही, फेकून द्यायचं). मग एक किलो रसाला 750 ग्रॅम साखर आणि मोठ्या आचेवर उकळायचं, चमचा तिरपा धरला की थेंब एकेक न पडता पडद्यासारखे जुळून खाली यायला लागले की लगेच गॅस बंद.

रंग फिकट गुलाबी आला, बरणी खिडकीत ठेवली तर आरपार उजेड. सासूबाईंनी गरम पोळीवर घेऊन खाल्ली आणि दुसरी पोळी मागितली, एरवी त्या एकीच्या वर जात नाहीत. यंदा धुऱ्याच्या दुसऱ्या बाजूलाही लावतो आहे, चाळीस रोपं तयार आहेत.