काळ्या घोड्याच्या पुलावरून

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याला मी सकाळी साडेनऊच्या सुमारास काळ्या घोड्याच्या पुलावर नेऊन उभे केले. थंडीत याच वेळेला ऊन नदीच्या पात्रात उतरते आणि विश्वामित्रीतल्या मगरी शेकण्यासाठी काठावर येतात, हे वडोदऱ्यात वाढलेल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असते. त्या दिवशी बाभळीच्या खालच्या चिखलात दोन मगरी होत्या. एक आठेक फुटांची, जबडा उघडा टाकून निवांत पडलेली, आणि दुसरी तिच्या निम्म्याने लहान. पलीकडे सयाजीबागेत मुलांची ये-जा चालू होती आणि आमच्या मागून सिटी बस जात होत्या. भाचा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘मामा, किती एक्झॉटिक आहे हे!’’

तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. भाच्याच्या घरी काचेच्या पेटीत दोन कासवे आहेत, कानामागे लाल पट्टा असलेली. ही जात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. दुकानात ती रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असते, पुढे ताटलीएवढी होते, आणि मग कंटाळलेले लोक तिला जवळच्या तळ्यात सोडून देतात, जिथे ती इथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत तिचे नाव आहे. खऱ्या अर्थाने परदेशी वन्य प्राणी त्याच्या दिवाणखान्यात होता आणि तो त्याला ‘पाळीव’ म्हणत होता. विश्वामित्रीतली मगर मात्र भारत, श्रीलंका, पाकिस्तान आणि इराणच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंतच्या गोड्या पाण्यात पूर्वापार राहणारी. भारतात मगरींच्या तीन जाती आहेत. लांब निमुळत्या तोंडाची सुसर, खाडीतली खाऱ्या पाण्याची मगर, आणि ही आपली रुंद तोंडाची. माझी आजी तिन्हींना सरसकट सुसरच म्हणत असे, पण तिने पाहिलेली एकच होती.

भाषेचीही इथे एक गंमत आहे. दांडियाबाजारातल्या आमच्या मराठी घरात मगर ही ‘ती’ आहे, तर शेजारच्या गुजराती घरात ‘मगर आव्यो’, म्हणजे तो पुरुष. आपण मराठीत ‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ म्हणतो. हिंदीत त्याच म्हणीत माशाच्या जागी मगर येते. वडोदऱ्याच्या मराठी माणसाने खरे म्हणजे मासा सोडून मगरीची म्हण स्वीकारायला हवी होती. दीडशे-दोनशे वर्षे या नदीकाठी राहूनही आपण ती बदलली नाही.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, आजव्याच्या परिसरातले पाणी घेऊन शहराच्या मधोमध वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबायतच्या आखाताकडे वळते. शहराला पाणी मिळावे म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजव्याचे सरोवर हे मगरींचे मोठे घर आहे. मात्र आज मगरी शहराच्या पात्रातही अंडी घालतात आणि इथेच वाढतात, त्यामुळे सगळ्या आजव्याहून वाहत आलेल्या पाहुण्या आहेत असे समजायचे कारण नाही. वनखाते आणि अभ्यासक यांच्या मोजणीत शहरातून जाणाऱ्या पात्रात चारशेहून अधिक मगरी आढळतात. ही मोजणी दिवसा शेकणाऱ्या मगरी पाहून करतात आणि रात्री टॉर्चच्या उजेडात. मगरीच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधारात तिचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात आणि पाण्यात बुडालेले धूड दिसले नाही तरी ठिपके मोजता येतात.

एवढे मोठे शिकारी प्राणी एवढ्याशा नदीत जगतात कसे, हा प्रश्न भाच्याने विचारला आणि तो रास्त होता. पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात चारशे वाघ किंवा चारशे बिबटे आपल्याला कल्पनेतही बसवता येणार नाहीत. याचे उत्तर मगरीच्या रक्तात आहे. आपले शरीर स्वतःची उष्णता राखण्यासाठी रात्रंदिवस अन्न जाळत असते. मगर ती उष्णता सूर्याकडून उसनी घेते, म्हणून तितक्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत तिला फार थोडे अन्न पुरते, आणि मोठी मगर महिनोन्‌महिने जवळजवळ काही न खाता राहू शकते. सकाळचे ते शेकणे म्हणजे आळस नव्हे. अंगात ऊब भरल्याशिवाय पोटातले अन्न पचत नाही, आणि उघड्या जबड्यातून ती नको असलेली उष्णता बाहेर टाकते.

उत्तराचा दुसरा भाग सांगायला मला थोडी लाज वाटते. विश्वामित्री ही मूळची पावसाळी नदी. मे महिन्यात तिच्यात जे पाणी दिसते त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. काठावर टाकलेला मांसाचा कचरा, मेलेली जनावरे, त्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री आणि डुकरे, आणि घाण पाण्यातही टिकून राहणारे मासे, हे सगळे मगरीचे ताट आहे. म्हणजे शहरात मगरी टिकल्या त्या आपण त्यांना जागा दिली म्हणून असे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यात आपल्या अस्वच्छतेचाही हात आहे. नदी स्वच्छ झाली आणि उन्हाळ्यात आटू लागली तर किती मगरी इथे उरतील, याचा हिशेब करण्याची वेळ त्या दिवशी येईल. नदी स्वच्छ व्हावी असेच मला वाटते. फक्त मगरींचे कौतुक करणाऱ्यांनी हा गुंता आधी मान्य करावा.

त्यांना जागा देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे नदीचे मातीचे उंच काठ. ही जात बिळे खणते, क्वचित कित्येक मीटर खोल, आणि कडक ऊन किंवा थंडी त्या बिळात काढते. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठावरच्या कोरड्या मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि दोन महिन्यांहून थोडे अधिक दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवते. पिल्ले नर होणार की मादी हे आईबापांवर ठरत नाही, मातीच्या तापमानावर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त निघतात, त्याहून थंड किंवा गरम घरट्यात माद्या. पावसाच्या तोंडावर पिल्ले अंड्यातूनच आवाज देऊ लागतात, आई माती उकरते आणि एकेका पिल्लाला त्याच जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर मद्रासच्या मगर केंद्रातल्या मगरी, पक्ष्यांच्या घरटी बांधण्याच्या दिवसांत, तोंडावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहतात आणि काटकी उचलायला आलेल्या बगळ्याला पकडतात, असे नोंदवले आहे. बगळ्याला काटकी हवी असते हे ओळखणाऱ्या प्राण्याला मठ्ठ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता 2024 चा ऑगस्ट. वडोदऱ्यात पूर नवा नाही. 31 जुलै 2019 ला चोवीस तासांत सुमारे वीस इंच पाऊस पडला होता आणि तेव्हाही गल्ल्यांमधून मगरी फिरल्या होत्या. पण 2024 मध्ये काळ्या घोड्यापाशी पाण्याची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली, जिथे धोक्याची खूण पंचवीस फुटांवर आहे. समा भागातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर छातीइतके पाणी होते आणि आम्ही दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर पाच कुटुंबे मिळून खिचडीवर काढले. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरले तेव्हा पार्किंगमध्ये, आडव्या पडलेल्या स्कूटरच्या आडोशाला, चारेक फुटांची मगर आढळली. माझ्या पत्नीला ती आधी दिसली. ती ओरडली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘अहो, खाली उतरू नका, आणि शहाबेनना फोन करून सांगा, त्यांची मुले खाली येतील.’’

सुटका करणारी तरुण मुले तासाभरात आली. आधी ओले पोते तिच्या डोळ्यांवर टाकले, कारण दिसेनासे झाले की मगर बरीच शांत होते. मग गळ्यात दोरीचा फास, आणि एकाने पाठीवर दाब देऊन जबडा दोन्ही हातांनी मिटून धरला. मगरीचे जबडा मिटणारे स्नायू अफाट ताकदीचे असतात, पण उघडणारे इतके दुबळे की मिटलेले तोंड चिकटपट्टीच्या चार वेढ्यांनी बंद राहते. सगळे काम दहा मिनिटांत उरकले. वनखात्याच्या सांगण्यानुसार 27 ते 29 ऑगस्ट या तीन दिवसांत शहरातून 24 मगरी पकडल्या गेल्या, आणि त्यांच्यासोबत नाग, मोठी कासवे आणि एक साळिंदरसुद्धा. साळिंदराबद्दल कोणी फारसे बोलले नाही याचे मला अजून वाईट वाटते.

त्या दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्‌सॲप गटावर एकच मागणी होती, ‘‘यांना दूर कुठेतरी नेऊन सोडा.’’ मागणी समजण्यासारखी असली तरी तिला मगरीच्या स्वभावात आधार नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्याच्या तीन मोठ्या नर मगरींना पाठीवर उपग्रह-यंत्र लावून हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडले होते. 2007 साली त्याचा अहवाल आला. तिन्ही आपापल्या नदीत परतल्या, आणि त्यातल्या एकीने द्वीपकल्पाला वळसा घालून वीस दिवसांत चारशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले. आपली मगर इतकी पोहणारी नाही, पण चालणारी आहे, आणि दुसऱ्या तळ्यात आधीच दुसऱ्या मगरी असतात. म्हणून पकडलेल्या मगरी पाणी ओसरल्यावर पुन्हा विश्वामित्रीतच सोडल्या जातात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. कातड्याच्या व्यापाराने देशातल्या मगरी संपत आल्या होत्या, म्हणून 1975 मध्ये केंद्र सरकारला खास मगर संवर्धन प्रकल्प सुरू करावा लागला. आज आपल्याला मगरी जास्त झाल्या असे वाटते, हे त्या प्रकल्पाच्या लोकांनी ऐकले असते तर त्यांना नवल वाटले असते.

पुरानंतर 2025 च्या उन्हाळ्यात नदीचा गाळ काढून पात्र रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्याच्या घरात छातीइतके पाणी शिरले होते त्या माणसाने या कामाला विरोध करावा अशी अपेक्षा कोणी करू नये, आणि मी तो केलाही नाही. तरी उन्हाळा हाच गाळ काढण्याचा मोसम आणि तोच घरट्यांचाही, ही अडचण नुसती बैठकीत नोंदवून सुटत नाही. काठावर यंत्र चालवणाऱ्याला कोणत्या चार फूट मातीला हात लावायचा नाही हे कोणीतरी रोज सकाळी दाखवावे लागते. काठ दगडाने बांधून गुळगुळीत केला तर मगरीला वर येता येणार नाही, बीळ खणता येणार नाही, आणि ती जागा शोधत आमच्याच पार्किंगमध्ये येईल. मातीचा काठ ठेवणे ही मगरीवर मेहेरबानी नाही, तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या सोयीचीच गोष्ट आहे.

या सगळ्यात एक माणूस नेहमी राहून जातो. पुलावरून पाहणाऱ्यांसाठी मगर हा देखावा आहे, सोसायटीतल्यांसाठी तीन वर्षांतून एकदा येणारे संकट आहे. पण काठावरच्या वस्तीत जे लोक रोज पाण्यापाशी जातात, कपडे धुतात, गळ टाकतात, त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट आहे. या नदीत माणसे मगरीच्या तोंडी गेलेली आहेत, आणि त्यांत बहुतेक याच वस्त्यांमधली. आणंद-खेड्याकडच्या चारोतर भागातल्या मलातजसारख्या गावांत लोक मगरींच्या तळ्याकाठी गुण्यागोविंदाने राहतात, खोडियार मातेचे वाहन म्हणून तिला मानतात, असे आम्ही शहरातले लोक फार कौतुकाने सांगतो. श्रद्धेचा वाटा आहेच. पण पाण्याचा नळ घरात असला की श्रद्धा सोपी होते, हेही तितकेच खरे आहे. वस्तीत नळ आणि संडास पुरेसे असतील, तर लोकांना पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे मगर सर्वांत सावध असते नेमक्या त्या वेळी, काठावर उतरावे लागणार नाही.

भाचा पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी पुन्हा पुलावर चल म्हणाला. या वेळी ढग होते आणि काठ रिकामा होता. त्याने कॅमेरा पिशवीत ठेवला. पुलाच्या टोकापाशी डोक्यावर बोचके घेऊन एक बाई उभी होती. काठाकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी थांबून ती खालचे पाणी बराच वेळ न्याहाळत होती. आम्हाला पाहून ती हसली आणि हवामान सांगावे तशी सहज म्हणाली, ‘‘आजे मोटो नथी देखातो.’’ मोठा आज दिसत नाही. मी भाच्याला अर्थ सांगितला. त्याला वाटले, ती आमची निराशा वाटून घेत आहे. ती मात्र बोचके खाली न ठेवता तशीच वळली आणि रस्त्यापलीकडच्या नळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.