अकरा पांढऱ्या कॉलन्या

सोमवारी सकाळी लॅबमध्ये आलो, बॅग खांद्यावरच, आधी इन्क्युबेटर उघडला. यीस्टच्या लालसर कॉलन्यांच्या (एकेका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यांच्या) गर्दीत अकरा पांढऱ्याशुभ्र! नाचायचंच बाकी होतं. चार महिने मी यीस्टला सप-३५ नावाचं प्रोटीन गरजेपेक्षा जास्त बनवायला लावत होतो (तांब्याचं मीठ टाकलं की चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जीनचं बटण, लावून) आणि ते कधी एकदा प्रायॉन (आपला बिघडलेला आकार तशाच दुसऱ्या प्रोटीनलाही लावणारं प्रोटीन) होतंय याची वाट बघत होतो. पांढरं दिसलं म्हणजे झालं, एवढंच डोक्यात.

रंगाची भानगड अशी आहे की आमच्या यीस्टमध्ये ॲडेनिन बनवायच्या एका जीनच्या मधेच स्टॉप कोडॉन (प्रोटीन बनवणं इथे थांबव, असं सांगणारी खूण) आलेला आहे, त्यामुळे ते एन्झाइम अर्धवटच राहतं, मधला कच्चा माल साचतो आणि कॉलनी लाल होते. सप-३५ चं काम म्हणजे रायबोसोमला (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला) स्टॉपवर थांबायला लावणं. आता हेच प्रोटीन एकमेकाला चिकटून गठ्ठे करून बसलं तर कामावर फार थोडं उरतं, रायबोसोम अधूनमधून स्टॉप ओलांडून पुढे जातो, एन्झाइम पूर्ण बनतं, कॉलनी पांढरी. डीएनएत एका अक्षराचा फरक नाही! गठ्ठ्याचे तुकडे लेक पेशीत जातात आणि तिथल्या धडधाकट सप-३५ ला पण आपल्यासारखं करतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अरे मग विरजण म्हण की सरळ. जनुकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्सने हा गुण 1965 मध्येच नोंदवला होता, पण तो मेंडेलच्या हिशोबात बसत नव्हता, आणि प्रोटीनच वारसा नेतंय ही कल्पना रीड विकनरने मांडली 1994 मध्ये.

तर मॅडमना फोटो पाठवला. उत्तर एका ओळीत, "ग्लिसरॉलवर लावल्यास का?"

नव्हत्या लावल्या. खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं, कारण माइटोकॉन्ड्रिया बिघडलेली यीस्ट (आम्ही तिला पेटीट म्हणतो) पण पांढरीच दिसते, लाल रंग धरायला पेशीचं श्वसन चालू लागतं. पण अशी यीस्ट ग्लिसरॉलवर जगत नाही. मुकाट्याने टूथपिक घेऊन अकराही लावल्या, सोबत ॲडेनिन नसलेली प्लेट.

गुरुवारी बघतो तर ग्लिसरॉलवर फक्त तीन वाढलेल्या. आठ गेल्या कचऱ्यात. त्या दिवशी जेवण पण गेलं नाही, आणि शेजारच्या बेंचवरचा सीनियर येऊन "पेटीटची पार्टी कधी?" विचारून गेला वर.

उरलेल्या तीन ॲडेनिनशिवाय पण वाढत होत्या, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण मधला स्टॉप कोडॉनच म्युटेशनने दुरुस्त झाला असेल तरी अगदी हेच दिसणार. मग ग्वानिडीन नावाचं रसायन. 5 मिलिमोलर. ते एचएसपी-१०४ ला अडवतं, आणि गठ्ठे फोडून त्याची नवी विरजणं करणारं प्रोटीन तेच, ते बंद पडलं की पेशी वाढत जातात आणि जुनी विरजणं वाटली जाऊन संपतात. तीनदा स्ट्रीक करून परत साध्या प्लेटवर आणल्या, रंग नीट चढावा म्हणून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवल्या.

फ्रीज उघडला त्या दिवशी लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. पहिली पांढरी, ढिम्म. म्हणजे साधं म्युटेशन. दुसरी लाल. तिसरी पण लाल, चांगली विटकरी. ज्या औषधाने डीएनएला हात लावला नाही त्याने पिढ्यान् पिढ्या चाललेला गुण पुसून टाकला होता, आणि प्लेट उलटसुलट करून मी लेबलच चार वेळा वाचलं, अदलाबदल तर नाही ना झाली.

मॅडम आल्या, प्लेट उजेडात धरली, म्हणाल्या, "दोन्ही फ्रीझ कर आधी, मग लाल यीस्टशी क्रॉस लाव. चारही स्पोर पांढरे आले तर बोलू." (स्पोर म्हणजे क्रॉसमधून होणारी चार पिल्लं; साध्या जीनचा गुण त्यातल्या दोघांतच जातो, प्रायॉन चौघांत.) ग्वानिडीन न दिलेल्या मूळ दोन कॉलन्यांचे स्टॉक केले, मायनस 80 ला दोन वेगवेगळ्या बॉक्समध्ये ठेवले, आणि मग त्या सीनियरला चहाला घेऊन गेलो, पैसे त्यालाच द्यायला लावले.